रोहिणी लागायच्या आत: डांगाणातल्या घरांसाठी मे महिन्याचा सल्ला

आमच्या डांगाणात, म्हणजे अकोले तालुक्याच्या पश्चिमेला भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या अंगाला, उन्हाळा रिकामा असतो असं फक्त पाहुण्यांना वाटतं. एकदा मृग धरला की चार महिने बाहेर काही वाळत नाही, ओली चूल धड पेटत नाही आणि घाटात दरड आली तर बाजारही तुटतो. म्हणून मे महिन्यात कामं लावताना हिशोब एकच: पाऊस आधी कशाचं दार लावणार? ते काम आधी. खाचराचा फुटका बांध मृगातही घालता येतो, ओलं सरपण आषाढात वाळत नाही. रोहिणी साधारण २५ मेला लागते, मृग ८ जूनच्या सुमारास. वळीव कोणाला विचारून येत नाही, तेव्हा आपली शेवटची तारीख रोहिणीच धरा.

कामाची वेळ पहाटे पाच ते दहा आणि मग साडेचारनंतर. मधल्या उन्हात सावलीतली कामं: दोर वळा, इरली-घोंगड्या बघा, बी निवडा. डोंगरावर हवा गार लागते म्हणून ऊन बाधत नाही, हा गैरसमज आहे. नाचणीची आंबील मिठासकट सोबत न्या.

पहिलं काम सरपण आणि पेंढा. सरपण फोडूनच आत घ्या, ओंडके तसेच रचले तर आतून ओले राहतात. रास उपसताना आधी काठीने आपटा, मण्यार आणि विंचू तिथेच असतात. पेंढ्याचं मी अनुभवाने सांगतो. एका वर्षी आळस केला, गोठ्याच्या कडेला जमिनीवरच पेंढा रचून वर ताडपत्री ओढली. वरून थेंब गेला नाही. श्रावणात उपसायला गेलो तर तळातला हातभर थर काळा पडलेला, चिकट, हाताला गरम लागणारा. गायीने हुंगून तोंड फिरवलं. ओल खालून चढली होती. तेव्हापासून खाली धोंडे, त्यावर आडवी लाकडं, त्यावर पेंढा. बुरशीचा पेंढा जनावराला घालूच नका, खतात टाका.

नुसत्या भाताच्या पेंढ्यात कस नसतो. युरियाची प्रक्रिया करायची तर हाच महिना. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया साधारण ४० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, प्रत्येक थर तुडवून दाबायचा आणि हवा लागणार नाही असा प्लॅस्टिकने २१ दिवस झाकायचा. घालण्याआधी तासभर पसरून वास जाऊ द्या. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला देऊ नका. युरियाची बादली जनावराच्या तोंडाशी जाता कामा नये, ते पाणी पिऊन जनावर दगावतं.

मग कौलं. वानरांनी किती फोडलीत ते खालून दिसत नाही. सकाळी घरात अंधार करून वर बघा, उजेडाचा ठिपका दिसेल तिथे आतून खडूने खूण करा. कौलं चाळायला, म्हणजे उतरवून पुन्हा नीट बसवायला, दोघं लागतात, एक वर आणि एक शिडीपाशी. पश्चिमेच्या भिंतीला कारवीच्या काठ्यांची झड, म्हणजे पावसाचा मारा अडवणारा कूड, बांधायची असेल तर कारवी आताच तोडून आणा.

आता राब, म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, काटक्या पसरून ती भाजणं. यावर आमच्यात दरवर्षी वाद होतात. राब भाजल्याने तणाचं बी मरतं आणि रोप उपटायला सोपं जातं, हे खरं. पण त्यासाठी झाडं बोडकी करायची, वर शेण आणि पालापाचोळाही जाळायचा, हा व्यवहार मला आता पटत नाही. भाजायचाच असेल तर हिरड्या-आंब्याचे टहाळे तोडू नका, वाळलेलं गवत आणि काटक्या वापरा. थरावर बारीक माती पसरा म्हणजे धग खाली जाते. वारा पडलेला असताना पेटवा, आणि वारा ज्या दिशेला जातो त्या टोकाकडून पेटवा, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकते. चारी बाजूंनी दोन हात पट्टा आधी साफ हवा आणि पाण्याचे हंडे जवळ हवेत. डोंगराला लागलेला वणवा पुष्कळदा असल्याच एका राबातून निघतो.

आम्ही निम्मं रोप गादीवाफ्यावर करतो. वाफा मीटर-सव्वा मीटर रुंद, चार बोटं उंच, गुंठ्याला अडीचशे किलो कुजलेलं शेणखत. तण दोनदा काढावं लागतं, हे आधीच सांगतो. एकराच्या लावणीला चार गुंठे रोप पुरतं. काळभात असो की इंद्रायणी, बी मिठाच्या पाण्यातून काढा: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. बी ओतून ढवळलं की पोचट दाणे वर येतात, ते ओंजळीने काढून टाका. तळाशी बसलेलं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, नाहीतर मीठ उगवणीला बाधतं, मग सावलीत सुकवा. घरच्या बियाण्याला तर हे हवंच.

जनावरांना घटसर्प आणि फऱ्याची लस मे महिन्यातच टोचून घ्या. लस अंगी लागायला दोन-तीन आठवडे जातात, पाऊस पडल्यावर धावण्यात अर्थ नाही. शेळ्यांना आंत्रविषाराची विसरू नका. आपली डांगी जात पावसाला टिकते, कातडीवरच्या तेलकटपणाने पाणी निथळून जातं, पण रोग जात बघत नाही. गोठ्याच्या भिंतीच्या भेगा शेणमातीने लिंपा, गोचीड तिथेच अंडी घालते. दुभत्या म्हशीला या दिवसांत ६० ते ८० लिटर पाणी लागतं. झऱ्यावरून हंड्याने ते आणणाऱ्या बाईला आधी विचारून मगच म्हैस घ्या.

झऱ्याचा गाळ आताच काढा, पाणी तळाला असतं तेव्हाच तो हाताला लागतो. गुरांची वाट झऱ्याच्या खालच्या अंगाने वळवा.

बाळहिरडा, म्हणजे हिरड्याचं कोवळं फळ, रोज पहाटे वेचा. फांदी झोडपू नका, पुढच्या वर्षीचं फळ जातं. वाळवताना पातळ पसरा आणि ढग दिसले की लगेच उचला, एकदा भिजला की बुरशी येते आणि व्यापारी भाव पाडतो.

दुपारनंतर गडगडायला लागलं तर माळावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नका. पुण्याच्या हवामान संस्थेचं दामिनी ॲप विजेची सूचना देतं, पण आमच्याकडे रेंज असेल तर. नसेल तेव्हा गुरं अर्धा तास आधी वळवा.

आणि शेवटी काजवे. मेअखेर सादड्या-हिरड्यांवर काजवे लागले की रात्री गाड्यांची रांग लागते. माणसं येऊ देत, चार पैसे मिळतात. पण अंधारात गाडी वळवताना ती नेमकी नांगरलेल्या वाफ्यात जाते, आणि दाबलेल्या मातीत रोप पिवळं पडतं. वाफ्याच्या तोंडाशी दोन मोठे धोंडे चुना फासून आतापासूनच ठेवा.