सीएचएनचे आकडे जुळत नाहीत? या चुका टाळा

एनएमआर (रेणूची रचना दाखवणारा वर्णपट) स्वच्छ, मास स्पेक्ट्रममध्ये (रेणुभार दाखवणाऱ्या आलेखात) हवे ते शिखर, आणि सीएचएनच्या, म्हणजे पदार्थातील कार्बन, हायड्रोजन व नायट्रोजनची टक्केवारी मोजणाऱ्या चाचणीच्या, अहवालात मात्र कार्बन दीड टक्क्याने कमी. पहिला संशय यंत्रावर जातो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा ठरतो. कथिलाच्या कॅप्सूलमधला नमुना साधारण ९५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ऑक्सिजनमध्ये जळतो, तापलेले तांबे नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे नायट्रोजनमध्ये क्षपण करते, आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व नायट्रोजन मोजले जातात. त्याच फेरीत यंत्र तपासायला वापरलेले प्रमाण-संयुग ॲसिटॅनिलाइड (कार्बन ७१.०९, हायड्रोजन ६.७१, नायट्रोजन १०.३६ टक्के) बरोबर आले असेल, तर दोष नमुन्यात शोधायचा.

रोटाव्हेपवरून (सॉल्व्हंट उडवणाऱ्या यंत्रावरून) काढले म्हणजे वाळले, असे समजू नका

सी२०एच१६एन२ओ२ हे संयुग घेऊ. रेणुभार ३१६.३६, कार्बन ७५.९३, हायड्रोजन ५.१०, नायट्रोजन ८.८६ टक्के. एका मोलमागे फक्त ०.१ मोल डायक्लोरोमिथेन उरले तरी कार्बन ७४.३२ वर येतो. नियतकालिके साधारणपणे ०.४ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य करतात. इथे तो १.६ झाला. एनएमआरमध्ये हे दिसतेच: ड्यूटरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये ५.३० पीपीएमवर ०.२ प्रोटॉनचे छोटे शिखर. ‘सॉल्व्हंटचे आहे’ म्हणून आपण त्याचे इंटिग्रेशन (शिखराखालचे क्षेत्रफळ मोजणे) करत नाही, एवढेच.

स्फटिक तसेच वाळवले तर आतला सॉल्व्हंट अडकून राहतो. आधी अगेटच्या खलात बारीक करा, मग चांगल्या व्हॅक्यूमवर, वितळणांकापेक्षा बरेच खालच्या तापमानाला, रात्रभर ठेवा. संप्लवनशील पदार्थाला उष्णता देऊ नका. डीएमएफ किंवा डीएमएसओ हे उच्च उत्कलनांकाचे सॉल्व्हंट नुसत्या पंपाने सहज जात नाहीत. पदार्थ पुन्हा अवक्षेपित करून बाष्पनशील सॉल्व्हंटने धुवा. डीएमएफ उरले तर नायट्रोजनचा आकडाही बिघडतो.

आकड्यांची दिशा वाचा

कार्बन कमी आला एवढे पाहून थांबू नका. कार्बन आणि नायट्रोजनचे गुणोत्तर काढा. वरच्या संयुगात ते ८.५७ आहे. अर्धा मोल पाणी असेल तर कार्बन ७३.८३, नायट्रोजन ८.६१ येतो. दोन्ही घटले, पण गुणोत्तर तेच, कारण पाण्यात कार्बनही नाही आणि नायट्रोजनही नाही. हायड्रोजन मात्र ५.२७ पर्यंत चढतो. नमुन्यात ३ टक्के सिलिका असेल तर कार्बन ७३.६५, नायट्रोजन ८.५९, गुणोत्तर तेच, पण हायड्रोजन ४.९५ वर उतरतो. कार्बनचे आकडे जवळजवळ सारखे, कारणे वेगळी, आणि निवाडा हायड्रोजन करतो. गुणोत्तरच वाढले तर कार्बनयुक्त सॉल्व्हंट, ग्रीस किंवा दुसरे संयुग शोधा.

शुद्धीकरणाच्या कॉलममधून उतरलेली सिलिका आणि न धुतलेले क्षार प्रोटॉन एनएमआरला दिसत नाहीत. एनएमआर स्वच्छ असूनही सगळे आकडे एकाच प्रमाणात खाली असतील, तर पदार्थ विरघळवून ०.४५ मायक्रॉनच्या पीटीएफई सिरिंज फिल्टरमधून गाळा आणि पुन्हा स्फटिक करा. क्षार असतील तर त्याआधी पाण्याने धुवा.

वजन आणि कॅप्सूल

२ मिलिग्रॅमच्या नमुन्यात १० मायक्रोग्रॅमची चूक म्हणजे अर्धा टक्का, ७५.९३ वर तो ०.३८ होतो. मान्य फरक जवळपास इथेच संपला. म्हणून मायक्रोबॅलन्सच हवा, आणि कॅप्सूलच्या बाहेर चिकटलेला कण ब्रशने झटकायलाच हवा. घडी घालताना हवा आत राहिली तर नायट्रोजन वाढतो. हवेला संवेदनशील संयुगे ग्लोव्हबॉक्समध्ये भरताना हे विसरले जाते: बॉक्समधला वायू नायट्रोजन असेल, तर तोच कॅप्सूलमध्ये बंद होतो. ओलावा शोषणारी हायड्रोक्लोराइडे उघड्या तराजूवर तोलू नका. वजन डोळ्यांदेखत वाढत जाते.

सगळेच नीट जळत नाही

बोरॉन, सिलिकॉन, फॉस्फरस आणि धातूंची संकुले कार्बाइड, नायट्राइड किंवा काचेसारखा थर बनवून कार्बन अडकवतात. अल्कली धातू तो कार्बोनेटच्या रूपात धरून ठेवतात. अशा नमुन्यांत ज्वलनाला मदत म्हणून व्हॅनेडियम पेंटॉक्साइड किंवा टंगस्टन ट्रायऑक्साइड मिसळायला प्रयोगशाळेला सांगा. फ्लोरिन असेल तर नमुन्यासोबतच्या अर्जावर ठळक लिहा: हायड्रोजन फ्लोराइड क्वार्ट्झची नळी खातो. अझाइड, परक्लोरेट आणि पॉलिनायट्रो यांसारखी स्फोटक ठरू शकणारी संयुगे न सांगता पाठवणे तर सरळ धोक्याचे.

अपूर्णांक जुळवू नका

गणकयंत्रावर संयुगाच्या सूत्रात ०.३५ मोल पाणी आणि ०.१५ मोल हेक्सेन मिळवून जवळपास कोणताही अहवाल बसवता येतो. एनएमआर, टीजीए (तापवताना घटणारे वजन मोजणे) किंवा कार्ल फिशरने (पाणी मोजणाऱ्या अनुमापनाने) दिसलेलाच सॉल्व्हंट आणि दिसला तेवढाच सूत्रात घाला. दोन फेऱ्यांपैकी बरी वाटली तीच छापू नका, त्यांच्यात ०.३ पेक्षा जास्त फरक असेल तर नमुना एकजिनसी नाही, तो पुन्हा खलून नव्याने पाठवा. आणि आकडे जुळले तरी समघटक वेगळे ओळखता येत नाहीत; त्यासाठी एनएमआर किंवा क्ष-किरण स्फटिकरचनाच लागते.