डोंग्यातून सुरय पाहाले जायचं असंल तं

समुद्र आपल्या विदर्भापासून शेकडो किलोमीटर दूर, पण समुद्रपक्ष्यांचा एक भाऊबंद उन्हाळ्यात आपल्याच धरणांवर अंडी घालते, नदी सुरय. काळी टोपी, पिवळी चोच, दुभंगलेली शेपटी. मार्च-एप्रिलमध्ये पाणी उतरलं का मधातल्या टेकड्या उघड्या पडतात, तिथं यांची वस्ती, कारण चारी बाजूनं पाणी म्हणून कुत्रं-कोल्हं सहसा पोचत नाही.

डोंग्यासाठी मासे धरणाऱ्या ढिवर दादालेच आदल्या दिवशी गाठा, पैसे तेव्हाच बोलून घ्या. तलाव अभयारण्यात असंल तं आधी वनविभागाची परवानगी. सकाळी साडेपाचले निघा, नऊच्या आत वापस, मंग ऊन आणि वारा दोन्ही चढते. लाइफ जॅकेट सोताचं न्या. डोंग्यात मधोमध, बूड टेकून बसायचं, फोटोसाठी उभं राहायचं नाही (मी राहिलो होतो, दादानं ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिता येत नाहीत). डोंग्याच्या तळाशी पाणी झिरपते, ते उपसाले टिनाचा डब्बा असते. पाणी पाहून घाबरू नका, डब्बा दिसला नाही तं घाबरा.

आता मेन गोष्ट, बेटावर पाय ठेवायचा नाही. घरटं म्हणजे रेतीत नुसता खळगा, त्यात दोन-तीन ठिपकेवाली अंडी, गोट्यांत अशी मिसळून जातात का पायाखाली आल्यावरच समजते. आणि तुम्ही उतरले का पक्षी उठते, चव्वेचाळीस डिग्रीत उघडं पडलेलं अंडं थोड्या वेळात कामातून जाते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अंडी-घरट्याले त्रास देणं शिकारीतच धरलं आहे, ड्रोनवाल्या पोट्टेहो, हे वाचा.

किती दूर थांबायचं ते पक्षीच सांगते. एखादा उठून ओरडून राहिला तं वल्हं थांबवा, सगळे उठून डोक्यावर झेपा घ्याले लागले तं गुपचूप मागं फिरा. बरोबर अंतरावर डोंगा थांबला असंल तं दुर्बिणीतून पाहत राहा, ऊन तापलं का एक सुरय पाण्यावर जाऊन पोट भिजवून येते आणि तसंच ओलं पोट घेऊन अंड्यांवर बसते.