जुनी नाणी म्हणजे गुंतवणूक? मग या चुका टाळा

दिवाळी झाली की ओळखीपाळखीतून मला फोटो यायला लागतात. लक्ष्मीपूजनासाठी देवघरातला डबा उघडलेला असतो, त्यातून आजीचे कलदार, म्हणजे इंग्रजी अमलातले चांदीचे, रुपये निघालेले असतात आणि सोबत एकच प्रश्न असतो: "काका, याचे किती येतील?" फोटोतली नाणी बहुतेक वेळा झगझगीत असतात. ते पाहूनच मला वाईट वाटतं. चांदीच्या भावापलीकडचं त्यांचं जे काही मोल होतं, ते आदल्या संध्याकाळी चिंच आणि भांडी घासायच्या पावडरीबरोबर मोरीत वाहून गेलेलं असतं.

नाणं घासणं ही सगळ्यात महागडी चूक. चांदीवर वर्षानुवर्षं धरलेला करडा-काळपट थर संग्राहकाला हवा असतो. घासलं की पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठतात, टांकसाळीतून निघतानाची मूळ झळाळी जाते आणि ती कशानेही परत येत नाही. भिंगाखाली जाणकाराला हे लगेच दिसतं. माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा आणि मऊ कापडाने नुसतं टिपून घ्या, चोळू नका. नाणं धरायचं ते कडेने. स्वस्तातल्या मऊ प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये तर ठेवूच नका, त्या पीव्हीसीमुळे काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. माळेसाठी कडी जोडलेला रुपया घरच्यांना कितीही प्रिय असला, तरी बाजारात तो वजनावरच जातो.

दुसरी चूक म्हणजे वय आणि किंमत एकच समजणं. शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं, साडेतीनशे वर्षांची म्हणून लाखाची, असं नसतं. शिवराई एकोणिसाव्या शतकापर्यंत पाडली जात होती, त्यामुळे झिजलेल्या शिवराया आजही पुष्कळ सापडतात. महाराजांचा सोन्याचा होन मात्र अत्यंत दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याच्या नकला उदंड. भाव ठरतो तो तीन गोष्टींवर: तसं नाणं किती उरलंय, कोणत्या स्थितीत आहे आणि ते हवं असणारे किती आहेत. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ साल दिसलं की लोक हरखतात. प्रत्यक्षात तेच साल कोरलेले रुपये पुढे १८७४ पर्यंत निघत राहिले. संग्राहक त्यातली टिंबं मोजून एकेक प्रकार वेगळा काढतात. एखाद्या टिंबाने भाव बदलतो, नुसत्या सालाने नाही.

गोष्ट रंजक असली म्हणजे नाणं दुर्मीळ असतं असंही नाही. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. सरकारने ते रुपये मागे घेऊन वितळवले आणि १९१२ मध्ये चित्र सुधारलं. इतकं होऊनही तो रुपया बाजारात अजून मिळतो.

"राजा छाप म्हणजे चांदी" ही समजूतही धोक्याची. कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे जुना एक तोळा, आजच्या सराफातला दहा ग्रॅमचा तोळा नव्हे. १९३९ पर्यंतच्या रुपयात सुमारे ९१.७ टक्के चांदी, म्हणजे जवळपास १०.७ ग्रॅम. १९४० पासून ती ५० टक्क्यांवर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. त्याला चुंबक चिकटतं. पण चुंबक चिकटलं नाही म्हणजे नाणं अस्सल, असं मात्र समजू नका. जर्मन सिल्व्हरच्या, म्हणजे चांदीसारख्या दिसणाऱ्या पण चांदी नसलेल्या मिश्रधातूच्या, नकलेलाही ते चिकटत नाही. वजनकाटा, भिंग आणि खात्रीचं एखादं नाणं शेजारी ठेवून तुलना, हे तिन्ही हवं.

स्मारक नाण्यांचंही तेच. १०० रुपयांच्या कित्येक स्मारक नाण्यांचं वजन ३५ ग्रॅम असतं, पण चांदी निम्मीच, साडेसतरा ग्रॅम. उरलेली किंमत तुम्ही पेटी, चकाकी आणि हौस यांची देता. हौस म्हणून जरूर द्या.

राम-हनुमानाची चित्रं असलेला, ईस्ट इंडिया कंपनीचा म्हणून खपवला जाणारा १८१८ चा 'एक आणा' कुणी दाखवला तर थेट नाही म्हणा. कंपनीने तो कधी पाडलाच नव्हता. तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढतं असं सांगून विकलं जाणारं 'चमत्कारी' नाणं हीही निव्वळ फसवणूक. वैष्णोदेवीचं पाचाचं किंवा दहाचं नाणं लाखोंना घेतो आणि आधी नोंदणी शुल्क भरा, असं सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती त्यासाठी कमिशन मागत नाही.

आता मुख्य प्रश्न, नाण्यातून पैसा वाढतो का? हिशेब मांडू. समजा तुम्ही १,००० रुपयांना नाणं घेतलं आणि दुसऱ्या दिवशी विकायला गेलात तर व्यापारी ६५० देईल. दुकान चालवायचं म्हणजे त्यालाही फरक ठेवावा लागतो. म्हणजे मुद्दल सुटायलाच भाव ५४ टक्के चढायला हवा. तेच हजार सात टक्क्यांनी मुदत ठेवीत टाकले तर दहा वर्षांत १,९६७ होतात. तेवढे हातात पडायचे तर नाण्याचा दुकानातला भाव ३,००० च्या वर, तिपटीवर जायला हवा. मधल्या दहा वर्षांत व्याज नाही, लाभांश नाही आणि अडीअडचणीला तासाभरात गिऱ्हाईकही नाही. काही नाणी तिपटीवर जातात हे खरं, पण ती आधी ओळखणारा माणूस वर्षानुवर्षं लिलावांचे भाव टिपत बसलेला असतो. म्हणून निवृत्तीची पुंजी यात घालू नका. शिकायची तयारी असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय आधी पाहा. पुण्याच्या जुन्या बाजारात जा, पण पहिले सहा महिने फक्त बघा.

कायद्याचंही लक्षात असू द्या. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. अमेरिकेतल्या लेकीला आजीचे रुपये बॅगेतून पाठवण्याआधी हे तपासा, पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. नांगरताना हंडा सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आणि एक चूक मी जवळून पाहिली आहे. आमच्या एका स्नेह्यांनी तीस वर्षं नाणी जमवली. कोणतं का घेतलं, कितीला घेतलं, सगळं त्यांच्या डोक्यात होतं. ते गेले आणि मुलांनी अख्खा डबा चांदीच्या वजनाने मोडला. मला कळलं तोवर नाणी मुशीत गेली होती. तेव्हापासून माझ्या प्रत्येक नाण्याच्या पाकिटात एक चिठ्ठी असते: काय आहे, कुठून घेतलं, कितीला, कधी आणि विकायचं झालं तर आधी कुणाला दाखवायचं.