जिन्यात गोळा टांगून पृथ्वीचं फिरणं कसं बघावं

आधी पाच मिनिटं गच्चीवर जा. जानेवारीत रात्री नऊच्या सुमाराला ठाण्याच्या उजेडातूनही मृग आणि व्याध दिसतात, आपल्याला तेवढे पुरे. हात सैल सोडून उभे राहा. तारे जागच्या जागी, हात खाली. आता स्वतःभोवती गिरकी घ्या. तारे गरगरू लागतात आणि नेमके तेव्हाच हात बाहेर फेकले जातात. तारे एवढे लांब, मग दोन्ही एकदम कसं होतं?

न्यूटनने 1687 साली सांगितलं, की आपण निरपेक्ष, म्हणजे स्वतःच स्थिर असलेल्या, अवकाशात फिरतोय म्हणून. ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माखला हे पटलं नाही. न दिसणाऱ्या अवकाशाला कशाला मध्ये आणता, असं त्याचं 1883 मधलं म्हणणं. फिरणं हे विश्वातल्या बाकीच्या वस्तूंच्या तुलनेत असतं, तेव्हा हात फेकले जाण्याचं कारणही त्यांच्यातच शोधा. हा वाद अजून मिटलेला नाही. पण तो ज्यावरून आहे ती गोष्ट, म्हणजे फिरणं, आपल्या बिल्डिंगमध्ये बघता येते: उंचावरून टांगलेला गोळा आपल्या दिशेने झोके घेत राहतो आणि खाली पृथ्वी फिरते.

सगळ्यात अवघड काम जागा मिळवण्याचं. आमची नौपाड्यातली बिल्डिंग जुनी, जिन्याच्या मधोमध चौकोनी पोकळी आहे. तशी पोकळी हवी, तळाशी निदान सव्वा मीटर मोकळी. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी विचारा. आमच्या सेक्रेटरी काकांनी पहिला प्रश्न केला, “हे लटकवून मिळणार काय?” मी म्हटलं, “पृथ्वी फिरताना दिसेल.” “ती फिरतेच की,” म्हणाले. पण रात्री अकरानंतरची परवानगी दिली. वेळ तशीही तीच बरी, ये-जा थांबलेली असते. तळमजल्याची दारं लावून घ्या, वाऱ्याची झुळूक सगळं बिघडवते.

सामान थोडंच लागतं. शाळेत गोळाफेकीला असतो तो 4 किलोचा लोखंडी गोळा घ्या. ओळंबा हलका पडतो, हवेमुळे लवकर थांबतो. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या लेथवाल्याकडून गोळ्याला बरोबर मध्यावर भोक पाडून हूक बसवून घ्या. वर टांगायला एक मिलिमीटर जाडीचा तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉन धागा. तो वजनाने चांगलाच ताणला जातो, म्हणून गोळा आदल्या रात्री टांगून ठेवा आणि मग उंची जुळवा, जमिनीपासून चार बोटं वर. वरच्या मजल्यावर आडवा जाड लोखंडी पाइप पक्का बांधून त्यातून तंगूस सोडा. साधी गाठ मारू नका. गाठ एका दिशेला सैल आणि दुसरीला घट्ट असते, मग गोळा पृथ्वीऐवजी गाठीचं ऐकतो. मी ड्रिल मशीनचा जुना चक, म्हणजे पातं पकडणारा भाग, पाइपाला बांधला आणि त्याच्या तीन जबड्यांत तंगूस पकडला. प्रयोग चालू असताना वरून कुणी वाकणार नाही आणि खाली मुलं येणार नाहीत, हे बघायला एक माणूस ठेवा.

खाली फरशीवर गोळ्याच्या बरोबर मध्यातून खडूने सरळ रेघ मारा. मग गोळा त्या रेघेवर 50 सेंटिमीटर मागे ओढून सुती दोऱ्याने कठड्याला बांधा. आणि थांबा. मी थांबलो नाही, दोनदा हाताने सोडला आणि दोन्ही वेळा फसलो. हाताने सोडताना बाजूला बारीकसा धक्का बसतोच, आणि गोळा सरळ रेषेऐवजी लांबट अंडाकृती वाटेने जातो. आमच्यासारख्या 11 मीटरच्या लंबकात त्या वाटेची निम्मी रुंदी फक्त एक सेंटिमीटर झाली, तरी तासाला 3 अंशांची भेसळ होते. म्हणून गोळा पूर्ण निश्चल होऊ द्या, दहा मिनिटं लागली तरी चालतील, आणि मग पेटत्या उदबत्तीने दोरा जाळा. फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोनेही 1851 साली पॅरिसमध्ये दोरा जाळूनच लंबक सोडला होता. त्याची तार 67 मीटरची आणि गोळा 28 किलोचा होता, आपला त्यामानाने लिंबूटिंबू.

आता नुसतं बघायचं. एका झोक्याला, म्हणजे जाऊन परत यायला, साडेसहा सेकंदांहून थोडं जास्त लागतं. पहिली दहा मिनिटं काही होत नाही असं वाटतं. मग झोक्याचं टोक रेघ सोडून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सरकू लागतं. ध्रुवावर तासाला 15 अंश सरकलं असतं. ठाणं 19.2 अंश उत्तरेला, त्याची ज्या (साइन) 0.33, म्हणून इथे तासाला 4.9 अंशच. आमच्याकडे 40 मिनिटांनी झोका 30 सेंटिमीटरवर आला होता आणि टोक रेघेपासून 2 सेंटिमीटर बाजूला होतं, म्हणजे 3.8 अंश. हिशेबाने 3.3 हवे होते. उरलेला अर्धा अंश त्या अंडाकृतीचा असावा.

वॉचमनदादा पूर्ण वेळ उभे होते. सरकला तो गोळा नाही, खालची फरशी सरकली, असं सांगितल्यावर ते म्हणाले, “मग गोळा कुणाला धरून राहिला?” माखचाच प्रश्न. माखचं उत्तर, दूरच्या साऱ्या वस्तूंना. आइन्स्टाइनला ते आवडलं, पण त्याच्या समीकरणांत ते पुरतं बसलं नाही. फ्रेड हॉइल आणि आपले जयंत नारळीकर यांनी 1964 साली माखच्याच विचारावर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत रचला, तो सर्वमान्य झाला नाही. मात्र फिरणारी जड वस्तू आसपासच्या अवकाशाला किंचित ओढते, हे ग्रॅव्हिटी प्रोब बी या उपग्रहाने मोजलंय. 2011 मध्ये निकाल आला: पृथ्वीच्या फिरण्यामुळे गायरोस्कोपचा, म्हणजे भोवऱ्यासारख्या फिरत्या गोळ्याचा, अक्ष वर्षाला सुमारे 37 सहस्रांश विकला वळतो. एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग.

झोका हाताच्या वितीएवढा झाला की गोळा उतरवा, पुढचं मोजमाप विश्वासाचं नसतं. पूर्ण फेरीला इथे सुमारे 73 तास लागतील, आणि तेवढा वेळ जिना अडवायला काका देणार नाहीत. मोठा लंबक बघायचा असेल तर पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात आहे.