गेमचं परीक्षण कसं लिहावं: आधी माप बदला

गेम शक्यतो पूर्ण खेळा. पीसीवर खेळलात की कन्सोलवर, आणि किती तास, हे पहिल्याच परिच्छेदात सांगा. नोंदी खेळता खेळताच करा. एवढं कुणालाही जमतं.

घोडं अडतं ते पुढे. ग्राफिक्स, आवाज, कथा, गेमप्ले असे रकाने पाडून दहापैकी गुण द्या, असा सल्ला सर्रास मिळतो. तो अजिबात ऐकू नका. वरून पडणारे ठोकळे रचायच्या टेट्रिसला कथा नाही, मग त्या रकान्यात काय लिहिणार? शून्य?

मी वर्षानुवर्षं रेसिंग खेळत आलोय. 'सिव्हिलायझेशन 6' हा पाळीपाळीने चाली करत शहरं वसवायचा, साम्राज्य उभारायचा गेम हाती आला तेव्हा "फार संथ, तास तास काही घडतच नाही" असं लिहून मोकळा झालो. ते वाचून सिडकोतला माझा मामेभाऊ म्हणाला, "दादा, रविवारी ये. शेजारी बस, माउसला हात लावायचा नाही."

मिसळ खाऊन बसलो. गेमचा नकाशा षटकोनी घरांचा असतो. डोंगराला लागून असलेल्या एका षटकोनावर त्याने कर्सर नेला आणि पाच मिनिटं तसाच थांबला. तिथे कॅम्पस, म्हणजे शहराचा विज्ञानाचा विभाग, बांधला तर डोंगरामुळे विज्ञानाची भर जास्त पडते. पण कॅम्पस एकदा उभा राहिला की हलवता येत नाही आणि त्या जागेवर शेत करता येत नाही. तो बोटाने स्क्रीनवर पुढच्या शहराची हद्द आखत होता, ओठ हलत होते. मी "काही घडत नाही" लिहिलं होतं ते नेमकं या पाच मिनिटांबद्दल. घरी येऊन सगळं परीक्षण नव्याने लिहिलं.

तेव्हापासून परक्या प्रकारचा गेम घेतला की तो प्रकार जीव लावून खेळणाऱ्याच्या शेजारी निदान एक बैठक बसतो आणि विचारतो, "आपण चांगलं खेळलो हे तुला कशावरून कळतं?" त्याचं उत्तर हेच त्या प्रकाराचं माप. फायटिंगवाला म्हणाला, "मार खाल्ला तर चूक माझीच होती, हे कळलं पाहिजे." म्हणजे तिथे बटण दाबल्यावर स्क्रीनवरच्या लढवय्याचा हात किती लवकर उठतो ते तपासायचं. असे गेम सहसा सेकंदाला 60 फ्रेमवर, म्हणजे 60 चित्रांवर, चालतात, एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची. पण दोष देण्याआधी टीव्ही गेम मोडवर, म्हणजे चित्र दाखवायला कमी उशीर लावणाऱ्या सेटिंगवर, टाका! मी एका गेमला "हात जड" म्हणून झोडपलं होतं, आणि उशीर माझ्या टीव्हीचा निघाला. प्लॅटफॉर्मरमध्ये, म्हणजे उड्या मारत पुढे जायच्या गेममध्ये, मेल्यावर पुन्हा उभं राहायला किती वेळ जातो ते बघा. 'सेलेस्ट' हा त्या प्रकारातला गेम तिथे क्षणभरही थांबवत नाही. हॉरर रात्री, हेडफोन लावूनच खेळा.

आपल्याकडचा गेम म्हणून गुण वाढवू नका. पुण्यात तयार झालेल्या 'राजी' या ॲक्शन गेममधली बाहुल्यांच्या सावल्यांमधून येणारी कथा मला फार आवडते, तरी त्याची मारामारी ॲक्शन गेमच्याच मापाने जोखायची.

लिहिताना शेवट फोडू नका. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणून पहिल्या दोन तासांत काय दिसतं आणि खरा खेळ कितव्या तासाला सुरू होतो, हे वेगळं लिहा.