रॉक बँडमध्ये चेलो वाजवायचा असेल तर

पाश्चात्त्य शास्त्रीय पद्धतीने चेलो शिकून इंडी रॉककडे वळणाऱ्यांना पहिली अडचण येते ती समोर नोटेशन नसण्याची. गिटारिस्ट कॉर्ड सांगतो, गायक गाऊन दाखवतो आणि सगळे तुमच्याकडे बघतात. आपला भाग आपणच रचायचा. त्यामुळे ऐकून लगेच वाजवण्याचा रियाज आधी. स्टेज, पिकअप (वाद्याला लावायचा, त्याची कंपनं टिपणारा सेन्सर) वगैरे नंतर.

अभ्यासाला मी कर्सिव्ह या बँडचा ‘द अग्ली ऑर्गन’ सुचवतो. बँड अमेरिकेतल्या ओमाहाचा, अल्बम २००३ चा. टिम कॅशर जिवाच्या आकांताने गातो, गिटार कर्कश वाजतात आणि त्या गदारोळात ग्रेटा कोनचा चेलो असतो. तो गाण्याला मऊ करायला आलेला नाही. तो गिटारशी भांडतो, गायकाला उलट उत्तर देतो. हेडफोन लावून फक्त चेलो ऐका आणि तो कुठे गप्प बसतो ते वहीत लिहा.

कारण खरी मेख तिथेच आहे. चेलोची सर्वांत खालची तार सुमारे ६५ हर्ट्झची, गिटारची ८२ ची. पुरुष गायकाचा गळा त्याच्या थोडा वर, चेलोच्या मधल्या भागात फिरतो. कडवं चालू असताना तुम्ही तिथेच लांब सूर ओढलेत, की शब्द गढूळ होतात. तेव्हा कडव्यात थांबा, फार तर खालचा एक सूर धरून ठेवा. शेवटी सगळे तुटून पडले, की ए या सर्वांत उंच सुराच्या तारेवर वर चढा. श्रोत्याच्या पोटात कालवतं ते अशा वेळी. सुरुवातीपासून व्हायब्रेटोची (बोट हलवून सूर थरथरवण्याची) बरसात केलीत, तर तिथे द्यायला हाती काही उरत नाही.

बरेच बँड गिटार अर्धा सूर उतरवतात, हे आधीच विचारून घ्या. मग तुमच्या मोकळ्या तारांची घुमणारी साथ बहुतेक जागी मिळत नाही आणि बोटांची सगळी मांडणी बदलते.

स्टेजवर माईकचा आवाज सुंदर येतो, पण त्यात ड्रमही शिरतात आणि फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये जाऊन होणारी शिट्टी, सुरू होतो. पिकअपचा आवाज जरा पातळ असतो, तरी मोठ्या आवाजात तोच तग धरतो. चेलोचं पोट मॉनिटरपासून (वादकांकडे तोंड केलेल्या स्टेजवरच्या स्पीकरपासून) वळवून बसा.

आणि तालमीत ड्रमर दिसेल अशी जागा घ्या. गजाने काढलेला सूर उमलायला क्षणभर लागतो; किक ड्रमबरोबर तो पोहोचावा म्हणून गज किंचित आधी तारेवर टेकवून ठेवा.