शाळेची परदेश सहल आणि ‘इन्क्लुडेड’ विमा : या चुका टाळा

“भाभीजी, इन्शुरन्स तो पॅकेज में इन्क्लुडेड है, आप टेन्शन ही मत लो.” शाळेच्या हॉलमध्ये टूरवाल्याने हे वाक्य टाकलं आणि आम्ही चाळीसेक आईबापांनी माना डोलावल्या. पुढचा अर्धा तास जेवण शाकाहारी मिळेल ना, एका खोलीत किती मुली, आणि सोबत शेव-चिवडा दिला तर चालेल का, यात गेला. विम्याबद्दल एकही प्रश्न नाही. मीही विचारला नाही. लेक आठवीत होती, सिंगापूरची सहा रात्रींची सहल होती आणि इंदूरमधल्या आमच्या रामबागेतल्या घरातून देशाबाहेर जाणारी ती पहिलीच.

चौथ्या दिवशी तिचा पाय मुरगळला. सोबत गेलेल्या मॅडमनी क्लिनिकमध्ये नेलं, एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं. बिल झालं २६० सिंगापूर डॉलर, ते मॅडमनी स्वतःच्या कार्डावरून भरलं. आम्ही त्यांना दुसऱ्याच दिवशी पैसे पाठवले आणि ‘विम्यातून परत मिळतील’ म्हणून निर्धास्त राहिलो. पैसे आले तीन महिन्यांनी, तेही निम्मेच. पायाचं दुखणं आठवड्यात गेलं होतं, कागदांचं चालूच.

यंदा धाकट्याची पाळी आहे. स्वित्झर्लंड आणि पॅरिस. त्याला बालदमा आहे, त्यामुळे यावेळी मी पॉलिसी मागवून घेतली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. वाचताना एकच चित्र डोळ्यांसमोर ठेवलं : रात्रीचे दोन वाजलेत, परक्या देशातल्या दवाखान्याच्या बाकावर मॅडम बसल्यात, शेजारी माझा मुलगा धापा टाकतोय. त्यांच्या हातात काय असायला हवं?

‘आहे ना विमा’ एवढ्यावर थांबणं

शाळा किंवा टूरवाला बहुतेक वेळा ग्रुप पॉलिसी घेतो, म्हणजे सगळ्या मुलांची मिळून एकच. पालकांना मिळालंच तर एक पानी सर्टिफिकेट मिळतं. त्यावर नाव, तारखा आणि एक रक्कम. कशाला विमा नाही, हे ज्या वीस-तीस पानांत लिहिलेलं असतं ती पानं आपल्यापर्यंत येतच नाहीत. ती मागा. पीडीएफ असते, पाठवायला मिनिट लागत नाही. ‘मिल जाएगा’ हे उत्तर चार दिवसांत दुसऱ्यांदा आलं तर शाळेकडून मागवा.

‘आमची फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराची मिळून एक मेडिक्लेम) आहे की’ असं पालकांच्या ग्रुपवर तिघांनी लिहिलं. घरची मेडिक्लेम सहसा भारतातल्याच उपचारांना लागू असते. ती इंदूरहून मुंबई-दिल्लीपर्यंतच्या प्रवासात कामाची, आणि तिथे खरंच कामाची, कारण परदेशी प्रवासाच्या कित्येक पॉलिसी आंतरराष्ट्रीय प्रवास सुरू झाल्यावरच लागू होतात. मुलाच्या खिशात दोन्हींचे नंबर हवेत.

एजंट कधीकधी ‘स्टुडंट ट्रॅव्हल’ नावाची पॉलिसी पुढे करतो. मूल विद्यार्थी, म्हणून ही स्टुडंट. ती असते परदेशात शिकायला जाणाऱ्यांसाठी, वर्ष-दोन वर्षांची. आठ दिवसांच्या सहलीला साधी सिंगल ट्रिप पॉलिसी लागते.

रकमेचं म्हणाल, तर शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर तीस लाख. तो सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी लागू हवा, आजारी माणसाला मायदेशी आणण्याचा खर्चही त्यात हवा. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे. ब्रिटन दोन्हींत नाही, त्यामुळे सहलीत लंडन जोडलेलं असेल तर पॉलिसीत तेही आहे का बघा. टूरवाला साहजिकच व्हिसापुरती किमान रक्कम घेतो. आम्ही दोन-तीन घरांनी वरचा फरक भरून एक लाख डॉलरची घेतली. फरक निघाला इंदूरच्या ‘छप्पन दुकान’ खाऊगल्लीत घरच्यांनी मिळून एकदा चाट-शिकंजी घ्यावी इतका. सिंगापूरच्या साध्या पर्यटक व्हिसाला विम्याची अशी सक्ती नाही, म्हणून तिथल्या सहलीत तो कधी अगदी तुटपुंजा असतो, कधी नसतोच.

सगळ्यांच्या फॉर्मवर ‘नो’

ही चूक मला सगळ्यात धोकादायक वाटते. फॉर्ममध्ये एक रकाना असतो : आधीपासूनचा काही आजार? आमच्या टूरवाल्याच्या ऑफिसातल्या मुलाने एक्सेल शीटमध्ये पहिल्या ओळीत ‘नो’ लिहून ते खालपर्यंत ओढलं होतं. बेचाळीस मुलं, बेचाळीस ‘नो’. त्यात माझा इनहेलरवाला, एक फिट्सचं औषध घेणारी मुलगी आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला एक मुलगा. शीट मागवली नसती तर कळलंही नसतं.

आजार लिहिला की प्रीमियम वाढेल किंवा सहलीला नेणार नाहीत, ही भीती मी समजू शकते. पण लपवलेला आजार तिकडे उघडा पडतो तो डॉक्टरच्या कागदावर. ‘लहानपणापासून दमा’ एवढं एक वाक्य केस पेपरवर आलं की क्लेम नाकारायला ते पुरेसं असतं. आजार जाहीर केल्यावरही काही पॉलिसी जुन्या आजाराला जीवावर बेतलं तरच पैसे देतात, काही जादा प्रीमियम घेऊन पूर्ण देतात. माझ्या मुलाच्या नावानिशी मी कंपनीला ईमेलवर थेट विचारलं : दम्याचा झटका आला आणि एक रात्र भरती करावं लागलं तर खर्च मिळेल का, किती? फोनवरचं ‘हाँ हाँ, सब कव्हर है’ क्लेमच्या वेळी कुठेच सापडत नाही. ईमेलचं उत्तर सापडतं.

तसाच दुसरा प्रश्न बर्फातल्या खेळांचा. स्वित्झर्लंडमधल्या बर्फाळ युंगफ्राऊयोखचं रेल्वे स्टेशन समुद्रसपाटीपासून ३,४५४ मीटरवर आहे, आपलं इंदूर साडेपाचशेच्या आसपास. तिथे मुलं घसरगाड्यांवर बसणारच. पॉलिसीत ‘ॲडव्हेंचर स्पोर्ट्स वगळून’ असं लिहिलेलं असतं. त्यात नेमके कोणते खेळ येतात हे सहलीच्या कार्यक्रमातले शब्द जसेच्या तसे उतरवून विचारा. आणि दमेकरी मूल असेल तर इतक्या उंचीवर न्यावं की नाही, हे विमा कंपनीला विचारू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा. आमच्या डॉक्टरांनी जाऊ दिलं, पण दोन इनहेलर आणि स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) हातातल्या बॅगेत ठेवण्याच्या अटीवर.

औषधांवरून आठवलं. खोकल्याच्या सिरपची बाटली भरताना मागचं लेबल वाचा. कोडीन संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधांत मोडतं, आधी परवानगी लागते. जपानमध्ये १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधं नेता येत नाहीत. प्रिस्क्रिप्शनवर ब्रँडबरोबर मूळ औषधाचं नाव लिहून घ्या. आपल्याकडची नावं तिकडच्या केमिस्टला काय कळणार?

नाव, तारीख आणि शेवटची रात्र

आपल्या मराठी नावांत वडिलांचं नाव मधे येतं. पासपोर्टवर ते कुणाचं पहिल्या नावाला जोडून असतं, कुणाचं नसतंच. पॉलिसीवर पासपोर्टवरचंच नाव हवं, घरातलं किंवा शाळेच्या हजेरीतलं नको. जन्मतारखेत दिवस-महिना उलटा पडलाय का, पासपोर्ट नंबरातला शून्य आणि इंग्रजी ओ यांची गफलत झालीय का, एवढं तपासायला दोन मिनिटं लागतात. चूक सापडली तर घाबरू नका. निघण्याआधी ईमेल केला तर कंपनी दुरुस्ती करून देते. मूल विमानात बसल्यावर मात्र ते किचकट होतं.

तारखांची चूक जास्त फसवी. सिंगापूरहून रात्री उशिराचं विमान, म्हणजे भारतात पाय टेकतो तो दुसऱ्या तारखेला. लेकीच्या पॉलिसीत शेवटची तारीख सिंगापूर सोडण्याची होती. विमान वेळेवर सुटलं म्हणून निभावलं. धाकट्याच्या वेळी मी पुढे दोन दिवस जास्तीचे घेतले.

निघण्याआधीच कांजिण्या आल्या तर? फक्त वैद्यकीय विमा असेल तर सहलीचे बुडालेले पैसे मिळत नाहीत, त्यासाठी ट्रिप कॅन्सलेशनचं कलम हवं. आणि ते हवं असेल तर विमा बुकिंगच्या सुमारास घ्यावा, निघायच्या आदल्या आठवड्यात घेऊन त्याचा काय उपयोग? परीक्षेची तारीख बदलली म्हणून जाता आलं नाही, हे कारण यात सहसा बसत नाही.

फोन कुणी, कुठे करायचा

सर्टिफिकेटवर ठळक अक्षरांत असतो १८०० वाला टोल फ्री नंबर. तो परदेशातून सहसा लागत नाही. परदेशातून लावायचा नंबर वेगळा असतो, बारीक अक्षरात, देशाच्या कोडसकट. तो शोधून इंदुरात बसूनच एकदा लावून बघा. भरती व्हायची वेळ आली तर आधी, आणि तातडी असेल तर लगेच नंतर या नंबरवर कळवायचं असतं. कॅशलेसची, म्हणजे कंपनीने थेट दवाखान्याला पैसे देण्याची, गाडी तिथूनच हलते. नाहीतर बिल आपण भरायचं आणि मागून मागत बसायचं. छोट्या बिलाला कॅशलेस फारसं मिळत नाहीच. जीव धोक्यात असेल तर मात्र विम्याचा नंबर नंतर. युरोपात ११२, सिंगापुरात ॲम्ब्युलन्ससाठी ९९५.

मुलाबरोबर मी एक साधी झिपची पिशवी दिली आहे, आणि तिच्या झेरॉक्सचा संच मॅडमकडे. पासपोर्टची प्रत, पॉलिसी, तो बाहेरून लागणारा नंबर, रक्तगट, ॲलर्जी, औषधं. आणि आम्हा दोघांच्या सहीचं संमतीपत्र : आमच्याशी संपर्क झाला नाही तर तातडीच्या उपचारांना सोबतच्या शिक्षिका संमती देऊ शकतात. अठराच्या आतलं मूल आहे, दवाखाना विचारणारच. शाळेच्या फॉर्मवर ‘सहलीस हरकत नाही’ असतं, उपचाराचा शब्द नसतो.

आता जे कुणी सांगत नाही ते. मूल ठरावीक दिवसांपेक्षा जास्त भरती राहिलं तर घरातल्या एकाला तिकडे येण्या-जाण्याचा खर्च देणारं कलम बऱ्याच पॉलिसींत असतं. छान कलम आहे. पण आमच्या घरात तेव्हा पासपोर्ट फक्त लेकीचा होता! ह्यांचा संपून चार वर्षं झालेली, माझा काढलेलाच नाही. लेकीचा पाय खरंच मोडला असता तर विम्याचं तिकीट हातात आणि आम्ही दोघं इंदुरातच. धाकट्याच्या सहलीचा पहिला हप्ता भरला त्याच आठवड्यात आम्ही आमच्या पासपोर्टचे अर्ज केले.

क्लेम अडकला तर

आधी माझे पैसे निम्मे का आले ते सांगते. २६० सिंगापूर डॉलर म्हणजे साधारण २०० अमेरिकी डॉलर, आणि पॉलिसीत डिडक्टिबल होतं १०० डॉलर. म्हणजे प्रत्येक क्लेममधले पहिले शंभर आपले, त्यावरचे कंपनीचे. हे सर्टिफिकेटवर छापलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. भांडायला जागा नव्हती.

तीन महिने लागले ते पुराव्यांना. कंपनीने मागितलं : डॉक्टरचा कागद, मूळ बिल, पैसे भरल्याची पावती, बोर्डिंग पास आणि सिंगापुरात शिरल्याचा पुरावा. पावतीवर मॅडमच्या कार्डाचे शेवटचे आकडे, म्हणून त्यांचं पत्र जोडावं लागलं. पुढची अडचण तर गंमतशीर. सिंगापूर आता पासपोर्टवर शिक्का मारत नाही, ई-पास ईमेलवर येतो. तो अरायव्हल कार्डात, म्हणजे तिथे पोचण्याआधी ऑनलाइन भरायच्या फॉर्मात, दिलेल्या ईमेलवर जातो, आणि टूरवाल्याने सगळ्या मुलांना आपलाच ईमेल टाकला होता. त्याच्या इनबॉक्समधून आमचा ई-पास निघायला पाच आठवडे आणि माझे किती फोन गेले, मोजले नाहीत. म्हणून अरायव्हल कार्डात पालकांचा ईमेल द्यायला सांगा, बोर्डिंग पासचा फोटो मुलाला त्याच दिवशी पाठवायला लावा आणि बिल फ्रेंच-जर्मनमध्ये मिळालं तर काउंटरवरच इंग्रजी प्रत मागा.

क्लेम नाकारलाच तर कारण लेखी घ्या, पॉलिसीतल्या कलमाच्या आकड्यासकट. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. तिथे दाद लागली नाही तर विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल आहे, १५५२५५ वर फोनही करता येतो. त्यापुढे विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी. मध्य प्रदेशासाठी त्यांचं कार्यालय भोपाळला आहे. कंपनीला लेखी तक्रार देऊन महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत तिकडे जाता येतं, फी नाही, वकीलही लागत नाही. ग्रुप पॉलिसी शाळेच्या किंवा टूरवाल्याच्या नावावर असते, तेव्हा त्या मूळ, म्हणजे मास्टर पॉलिसीचा नंबर आधीच लिहून ठेवा. मुलाच्या सर्टिफिकेटचा नंबर वेगळा असतो, तक्रारीत दोन्ही लिहा.